रांगेतले सोबती

रांगेत उभे राहणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे बहुतेक मोठ्या माणसांचे मत असते. रेशनच्या दुकानापुढची किंवा रेल्वेच्या खिडकीपुढची रांग आठवली, म्हणजे ते मत खोटे आहे असे मलाही म्हणवत नाही. परंतु एक रांग अशी आहे, की तिच्याविषयी दोन चांगले शब्द बोलल्यावाचून मला राहवत नाही. ती म्हणजे, ऐन वेळी नाटकाचे तिकीट मिळेल या आशेने नाट्यगृहाच्या खिडकीपुढे लागलेली रांग. अनोळखी माणसांची मैत्री कशी होते, हे ज्याला पाहायचे असेल, त्याने या रांगेत तासभर उभे राहावे.

वास्तविक या रांगेतील माणसे एकमेकांची प्रतिस्पर्धी असतात. तिकिटे थोडी उरलेली. पुढच्याला एक मिळाले, की मागच्याची आशा तेवढी कमी झाली. अशा ठिकाणी भांडणे व्हावीत, निदान माणसांनी एकमेकांकडे संशयाने तरी पाहावे. पण बहुधा तसे होत नाही. याचे कारण मला असे वाटते, की ओळख होण्यापूर्वीच एकमेकांची एक गोष्ट आपल्याला ठाऊक झालेली असते. पुढचा मनुष्य कोण, कुठला, श्रीमंत की गरीब, हे आपण जाणत नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी आपले पाय दुखत आहेत, तिच्यासाठीच त्याचेही दुखत आहेत, एवढे नक्की असते. बोलण्यास आरंभ करायला तेवढे पुरते. "आज मिळेल का हो?" असे मागच्याने विचारावे, आणि "बघू या!" असे पुढच्याने म्हणावे. या दोन वाक्यांनी कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही, पण दार किलकिले होते. मग कोणी पाणी पिण्यास जाताना, "जरा माझी जागा बघा हं," असे सांगून जातो. पाच मिनिटांपूर्वी ज्याचे तोंडही पाहिले नव्हते, त्याच्यावर टाकलेला हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, "अनोळखी माणसांशी बोलू नये, असे आम्हांला घरी बजावून सांगतात!" ते योग्यच सांगतात. मी ज्या रांगेविषयी बोलत आहे, तीत तुम्ही आईवडिलांच्या शेजारी उभे असाल, आणि बोलणे होईल ते चारचौघांत. ते कसे बोलतात, एवढे ऐकलेत तरी पुष्कळ झाले.

ही गंमत आपल्याकडेच आहे असे नव्हे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात १९६२ साली उघडलेले डेलाकोर्ट नावाचे खुले नाट्यगृह आहे. तेथे उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटके विनामूल्य दाखवतात. त्या दिवशीचे तिकीट मिळावे म्हणून लोक सकाळपासून झाडांखाली चादरी पसरून रांगेत बसत आले आहेत. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलल्यावाचून एवढा वेळ जायचा तरी कसा!

आता घरबसल्या मोबाइलवर तिकीट काढता येते. वृद्धांची आणि परगावच्या लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तरीसुद्धा प्रत्येक नाट्यगृहाने निदान शेवटच्या दोन ओळी प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर विकण्यासाठी राखून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. माझा हा आग्रह कोठून आला, तेही सांगितले पाहिजे.

पुण्यात मुठा नदीच्या काठी बालगंधर्व रंगमंदिर आहे. ते १९६८ साली उघडले. पस्तीसएक वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका दुपारी, मी तेथील रांगेत उभा होतो. त्या रात्री 'संगीत सौभद्र' होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली प्रथम रंगभूमीवर आले, आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्याच्यासाठी आम्ही पावसात भिजत होतो! माझ्या मागे धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या मागे महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती. छत्री तिच्या एकटीजवळच होती. तिने ती आजोबांच्या डोक्यावर धरली, आणि उरलेल्या टोकाखाली माझा एक खांदा आला.

आजोबांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हेच नाटक पाहिले होते, आणि तेव्हा सुभद्रेच्या भूमिकेत प्रत्यक्ष बालगंधर्व होते. अर्जुन संन्याशाच्या वेषात कसा येतो आणि कृष्ण सर्वांना कसा खेळवतो, हे ते इतके रंगून सांगत होते, की रांग पुढे सरकल्याचेही आम्हांला दोनदा कळले नाही.

अखेर मी खिडकीपाशी पोहोचलो. आतून शब्द आले, "एकच उरले आहे."

मी ते घेतले. खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दुसरा कोणताही विचार आला नाही. तिकीट हाती घेऊन वळलो, तेव्हा कुठे आजोबांचा चेहरा दिसला. "घ्या, घ्या. तुमचा क्रमांक होता," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर मला बरे वाटले असते.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काका, मध्यंतरापर्यंत आजोबांना बसू द्या, नंतर तुम्ही बसा." तिला स्वतःला काहीच मिळाले नव्हते, हे लक्षात घ्या. दारावरच्या मनुष्याला आम्ही ही अडचण सांगितली. त्याने आम्हां तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. तिसरी घंटा झाली. नांदी ऐकण्यासाठी आजोबा लगबगीने आत गेले.

मध्यंतरात ते बाहेर आले आणि चहाच्या पेल्यासह आतापर्यंतचे सारे नाटक त्यांनी आम्हां दोघांना ऐकवले. एका पदाची ओळ तर गुणगुणूनही दाखवली. मग मी आत गेलो.

नाटक संपले तेव्हा रात्र बरीच झाली होती. ती दोघे घरी गेली असतील, असे समजून मी बाहेर आलो. पाहतो, तर पायऱ्यांशी एकाच छत्रीखाली दोघेही उभी होती.

"हं, सांगा," आजोबा म्हणाले, "शेवट कसा झाला?"

तो शेवट त्यांना तोंडपाठ होता.