शेवटचं बोट आपलं (होडी नव्हे, हाताचं)



व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट लावलं की पैशाचं ॲप उघडतं. कोणी जागेची लिंक पाठवली की नकाशा उघडतो. आपल्यातली जुनी माणसं हे बघून घाबरतात. एक ॲप दुसऱ्यात शिरलं, आता सगळं गेलं, असं त्यांना वाटतं. तरुण पोरं उलट, काय उघडलं ते बघतही नाहीत. माझ्या मते दोघांचंही चुकतं.

ॲपने ॲप उघडणं म्हणजे चिठ्ठी पाठवणं. तांडेल खलाशाच्या हाती बर्फाच्या कारखान्यावर चिठ्ठी देतो, इतक्या लाद्या द्या म्हणून. चिठ्ठी नेणाऱ्याला कारखान्याच्या गल्ल्यात हात घालता येत नाही. मोबाईलमध्ये तेच. अँड्रॉइड असो की आयफोन, प्रत्येक ॲपची खोली वेगळी. एक ॲप फोनकडे चिठ्ठी देतं, फोन ती दुसऱ्याच्या दारात टाकतो. नकाशाच्या चिठ्ठीत अक्षांश-रेखांश असतात. यूपीआयच्या चिठ्ठीत घेणाऱ्याचा आयडी, नाव, रक्कम. पिन त्यात नसतो, तो आपणच घालायचा.

चांगलं ॲप दारापर्यंत नेतं आणि शेवटचं बोट आपल्यावर सोडतं. तटरक्षक दलाचा १५५४ घ्या. ॲपमधलं बटण दाबलं की डायलरमध्ये नंबर भरून येतो, हिरवं बटण आपण दाबायचं. एवढ्यासाठी ॲपला कसलीच परवानगी लागत नाही. ॲपला परस्पर फोन लावायचा असेल तर मात्र अँड्रॉइड आधी आपली परवानगी मागतं. वादळात ओल्या हातांनी दोनदा दाबायचा त्रास आहे, मान्य. (आणि लांब गेल्यावर रेंजच नसते, तिथे व्हीएचएफचा १६ नंबर चॅनल, ती गोष्ट वेगळी.) पण मासळीचा भाव सांगणारं ॲप कॉल करायची आणि मेसेज वाचायची परवानगी मागायला लागलं तर सरळ विचारा, तुला कशाला रे?

आता चिठ्ठीवर कुणाचं नावच नसेल तर? 'यूपीआयने पैसे भर' एवढंच लिहिलेलं असेल तर ते काम मी करतो म्हणणारं कुठलंही ॲप पुढे येऊ शकतं. म्हणून अँड्रॉइड यादी दाखवतं आणि विचारतं, 'फक्त एकदा' की 'नेहमी'. पैशाच्या कामाला 'फक्त एकदा'च निवडा. यादीत अनोळखी ॲप दिसलं तर तिथेच थांबा. आयफोनवर दोन ॲपांनी एकच खूण सांगितली तर कुठलं उघडेल याचा भरवसा नाही.

ॲप बनवणाऱ्यांकडे यावर उपाय आहे. आपल्या वेबसाइटवर आपल्या ॲपच्या सहीची नोंद ठेवायची, मग त्या पत्त्याची लिंक त्याच ॲपात उघडते. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून अशी नोंद नसलेली वेब लिंक सहसा ॲपात न जाता ब्राउझरमध्येच उघडते. आपल्याकडे संस्था काय, व्यापारी काय, ॲप करून घेताना रंग आणि लोगो बघतात. ही नोंद केली का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायला हवा. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईने सगळी तांत्रिक अक्कल शिकायची आणि ॲप करणाऱ्याने मोकळं राहायचं, हा कुठला न्याय?

परतीच्या चिठ्ठीचंही तसंच. पैसे भरून झाले की पैशाचं ॲप पहिल्या ॲपला 'झाले' म्हणून कळवतं. ही चिठ्ठी भरणाऱ्याच्या फोनमधल्या फोनमध्ये फिरते, खोटी बनवता येते. म्हणून विकणाऱ्याच्या ॲपने बँकेकडून खात्री झाल्याशिवाय माल सोडता कामा नये. मालिम असो की कुटबण, धक्क्यावरही हाच नियम. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब तशी दिसणारी खोटी ॲपं फिरतात. आपल्या खात्यात रक्कम दिसली किंवा आपला साऊंडबॉक्स बोलला, मगच विसवण उचलू द्या. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

आणि एका प्रकाराला मी ॲप उघडणं म्हणतच नाही. 'अनुदान यादी', 'चलन' अशा नावाची फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके. ती दाबल्यावर यादी उघडत नाही, नवीन ॲप फोनमध्ये बसतं. त्याआधी अँड्रॉइड विचारतं, व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवू द्यायचं का? शेवटचं बोट इथेही आपलंच, आणि उत्तर 'नाही'. एकदा ते बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर चोराच्या हाती. आपल्या ग्रुपवर एपीके टाकायला बंदीच हवी, पाठवणारा कितीही ओळखीचा असो. कधी कधी त्याचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

इतकं करून पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा. घरचा माणूस दर्यावरून परत येईपर्यंत थांबू नका.