रॅकेट घेताय? आधी हात बघा!

बोनस हातात पडला, ग्रुपवर कोर्ट बुक झालं, बुधवार आणि शनिवार सकाळी सहा ते सातचा स्लॉट पक्का. राहिलं काय? रॅकेट! मग सुरू होते शोधाशोध. सात्विक कशाने मारतो, अ‍ॅक्सेलसनच्या हातात काय असायचं, आणि ऑफिसातला तो सीनियर, जो सहा रॅकेट मावतील एवढी बॅग खांद्याला लावून येतो (आत दोनच असतात, बाकी टॉवेल), तो काय म्हणतो. शेवटी एक दिवस १५ हजारांचं खोकं घरी येतं. तीन आठवड्यांनी कोपर ठणकायला लागतं आणि सोमवारी माउस धरवत नाही.

हे हमखास होतं, बॉस! पुण्यातल्या छावणीत ज्या खेळाचे नियम १८७० च्या दशकात बांधले गेले, ज्याला तेव्हा ‘पूना’च म्हणत, त्या खेळात आपण अजूनही रॅकेट रंग बघून घेतो.

तर आधी स्वतःला विचारा, कोर्टवर मी नक्की करतो काय? मनातल्या मनात काय करतो ते नको. आपल्यापैकी बहुतेक जण डबल्स खेळतात, कारण कोर्टचं भाडं चौघांत वाटलं जातं. त्यात काही जण मागे उभे राहून दिसेल ते फूल हाणणारे स्मॅशवीर. काही नेटवरचे बोके, टपून बसणारे. आणि प्रत्येक हॉलमध्ये एक काका असतातच. हाफ पँट, पोटावर ताणलेला टी-शर्ट, जागचे हलत नाहीत, आणि नुसत्या ड्रॉपवर आपल्याला चारही कोपरे फिरवून आणतात. काकांची रॅकेट एकदा हातात घेऊन बघा. ती हलकी निघण्याची शक्यता फार.

सगळा फंडा बॅलन्सचा आहे. रॅकेटच्या दांड्याखाली एक बोट धरा आणि ती आडवी तोला. तोल मुठीच्या टोकापासून साधारण २९० मिलिमीटरवर आला, तर ‘इव्हन’. त्याच्या पुढे, डोक्याकडे सरकला तर ‘हेड-हेवी’, अलीकडे आला तर ‘हेड-लाइट’. हेड-हेवी म्हणजे हातोडा. मागून स्मॅश आणि लांब क्लिअर मारताना वजन तुमच्यासाठी काम करतं. पण समोरच्याने अंगावर स्मॅश मारला की तोच हातोडा वेळेत वर येत नाही. हेड-लाइट पटकन फिरते. डिफेन्स, ड्राइव्ह आणि नेटवरची झटापट यांत तिला तोड नाही. ठरत नसेल तर सरळ इव्हन घ्या, पस्तावणार नाही.

कंपन्यांनाही हे कळतं. योनेक्सने अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ दोन रूपांत काढली, मागच्या खेळाडूसाठी ‘डी’ आणि पुढच्यासाठी ‘एस’. म्हणजे जोडीतल्या दोघांची रॅकेट एकच असायला हवी असं नाही. आपला मुंबईकर चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज यांनी २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये सोनं जिंकलं, तेव्हाही कामाची वाटणी सरळ होती. सात्विक मागून तोफ डागणार, चिराग पुढे सापळा लावणार.

आणि आता गंमत ऐका. एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये याच सात्विकने ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून गिनीज रेकॉर्ड केलं. रॅकेट कुठली? नॅनोफ्लेअर १००० झेड. योनेक्सच्या हेड-लाइट मालिकेतली! हातोडा हवाच असं काही नाही, हात वेगाने फिरायला हवा.

हात फिरण्यावरच दांडा, म्हणजे शाफ्ट, ठरतो. टोकियोत २०२१ मध्ये अ‍ॅक्सेलसनने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते अ‍ॅस्ट्रॉक्स १०० झेडझेडने. ती हेड-हेवी, वर शाफ्ट ‘एक्स्ट्रा स्टिफ’. कडक शाफ्ट वाकवायला तसा झपाटा लागतो. तो नसेल तर शाफ्ट वाकत नाही, फटक्याला जोर मिळत नाही आणि सगळी कसर खांदा-कोपर भरून काढतात. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने ‘मीडियम’ किंवा ‘फ्लेक्झिबल’ घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

वजनाचं कोडं तिरकं आहे. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा मोठा तर रॅकेट हलकी. डबल्सवाल्यांनी ४यू घ्यावी, मनगट नाजूक असेल तर ५यू.

एवढं करून खरी गडबड होते ती गटिंगच्या टेबलावर. दुकानदार विचारतो, “किती पाउंड?” आणि आपण छाती फुगवून सांगतो, “अठ्ठावीस!” कारण प्रो तेवढं लावतात. गट जितकं ताणलेलं, तितका कंट्रोल जास्त, पण मधला तो गोड भाग तितका आक्रसतो. फूल जरा कडेला लागलं की फटका मेला आणि हादरा थेट कोपरात. आपल्यासाठी २२ ते २४ पाउंड पुष्कळ. अगदी नवशिक्यांनी २०-२१ वर थांबावं. फ्रेमवर कमाल पाउंड छापलेले असतात, ते आधी वाचा. कंपनीतून ओवून आलेली गट बहुधा ढिली असते, म्हणून नव्या रॅकेटवरसुद्धा ती बदलून घ्या. आणि गट तुटेपर्यंत थांबू नका. न तुटताही ती सैल पडत जाते, आपण मात्र आपलाच फॉर्म गेला समजतो!

ग्रिप? योनेक्समध्ये जी४ जाड, जी५ त्याहून बारीक. शंका असेल तर बारीक घ्या. वरून टेप गुंडाळून मूठ जाड करता येते, तासता येत नाही. फार बारीक मुठीवर हात आवळला जातो आणि टेनिस एल्बोला आमंत्रण मिळतं.

पैशांचं थोडक्यात. स्टीलची जोडरॅकेट गॅलरीत ठीक, कोर्टवर नको. पूर्ण ग्राफाइटची दोन-चार हजारांची रॅकेट आपल्या खेळाला वर्षानुवर्षं पुरते. उरलेले पैसे नॉन-मार्किंग बुटांवर घाला, घोटा वाचेल. नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला परदेशी स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, तेव्हा ग्राफाइटचं नावही या खेळात नव्हतं.

ऑनलाइन बटण दाबण्याआधी पार्टनरची रॅकेट मागून दोन गेम खेळा, आणि शेवटचे दहा पॉइंट नीट लक्षात ठेवा. दमलेल्या हाताला जी जड वाटत नाही, ती आपली. मग धोबीतलावला जा किंवा घरबसल्या मागवा, तुमची मर्जी. फक्त आणल्यावर तिला मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुपारच्या उन्हात २४ पाउंडांचे किती उरतील, ते शनिवारी सकाळी काकाच दाखवतील.