गाडी रोजची, ओझं कधीतरीचं

नांदेड-लातूरकडे कुणी गाडी घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितना देती?" हल्ली त्याला दुसरा जोडला गेलाय : "पीछे कुछ लगाया तो खींचती क्या?"

हा प्रश्न चैनीचा नाही. केटरिंग, मंडप, फळांचा व्यापार, वेल्डिंग असे छोटे धंदे करणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. वलीम्याच्या ऑर्डरच्या देगा-शेगड्या, कंधारच्या उरुसात मांडायच्या दुकानाचं सामान, उन्हाळ्यात शेतावर न्यायची पाण्याची टाकी, यासाठी छोटी ट्रॉली जोडता आली तर बरं, असं वाटणं साहजिक आहे. त्याच गाडीतून मुलांना क्लासला सोडायचं असतं आणि घरच्यांना घेऊन हैदराबादलाही जायचं असतं.

माझं मत असं की इंजिन वर्षातल्या तीनशे दिवसांच्या कामावरून निवडावं, पंधरा दिवसांच्या ओझ्यावरून नाही. पण ते पंधरा दिवसही नीट मोजावेत.

आधी वजन. लातूरकरांना पाण्याची किंमत सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या पाण्याचं वजनही लक्षात ठेवू. ५०० लिटर म्हणजे ५०० किलो. ट्रॉली दोनशे किलोची धरली तर झाले ७००. छोटी एसयूव्ही माणसं-सामान धरून साधारण १,५०० किलोची. म्हणजे ओझं जवळपास निम्म्याने वाढलं, ब्रेक मात्र तेच राहिले. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर पाणी हिंदकळतं आणि ट्रॉली गाडीलाच ढकलते. त्यामुळे "खींचती क्या?"च्या आधी "रुकती क्या?" विचारायला हवं.

आता इंजिन. शोरूममध्ये पॉवरचा आकडा सांगतात. ओढायला लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि तो कमी आरपीएमवर मिळायला हवा. ब्रेझाचं साधं पेट्रोल इंजिन सुमारे १३७ न्यूटन मीटर देतं, पण ४,४०० आरपीएमला. नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल १७० देतं, १,७५० पासून. तिचंच डिझेल २६० देतं, १,५०० पासून. एक्सयूव्ही ३एक्सओचं डिझेल ३०० पर्यंत जातं. अहमदपूरकडच्या चढावर ओझं घेऊन निघालात की हा फरक गिअर बदलणाऱ्या हाताला कळतो.

मग डिझेलच घ्यावं? थांबा, हिशेब करू. समजा पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२. पेट्रोल गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देते, डिझेल वीसचं. आणि डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग. वर्षाला १०,००० किलोमीटर चाललात तर इंधनात वाचतात साधारण २४,००० रुपये. सव्वा लाख भरून निघायला पाच वर्षं. २५,००० किलोमीटर चालणाऱ्याचे तेच पैसे दोन वर्षांत वसूल होतात. व्याज नको म्हणून भिशी आणि साठवणीतून गाडी घेणाऱ्या घरासाठी हा सव्वा लाख मुलीच्या फीचा असू शकतो.

दुसरी गोष्ट लातूरच्या रोजच्या चालण्याची. गंजगोलाईची गर्दी, क्लासपर्यंतचे तीन-चार किलोमीटर, परत घरी. बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तापून चालावी लागते. फक्त गल्लीत फिरणाऱ्या डिझेलचा फिल्टर तुंबतो, आणि त्याचा खर्च मोठा.

म्हणून माझी विभागणी साधी आहे. आठवड्याला नांदेड-लातूर फेरी आणि महिन्यातून चार-पाच वेळा ओझं असेल तर डिझेल. शहरातलं चालणं जास्त आणि ओझं क्वचित, हलकं असेल तर टर्बो पेट्रोल. सीएनजी रोजच्या खर्चाला उत्तम, पण जोर कमी होतो आणि डिकीतली जागाही जाते. ओढायला ती घेऊ नये. इलेक्ट्रिकला जोर भरपूर, मात्र मागे ओझं लागलं की रेंज झपाट्याने घटते. ऑटोमॅटिक हवीच असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची बघा. एएमटीला चढावर ओझ्यासकट उचल घेणं जड जातं, क्लच जळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडीसोबत मिळणारं पुस्तक उघडा. कंपनीने किती वजन ओढायला परवानगी दिली आहे ते त्यात लिहिलेलं नसेल किंवा मनाई असेल, तर मेकॅनिकचं "हो जाता भाई" ग्राह्य धरू नका. मागचा हुक बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असतो, ट्रॉलीसाठी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याकडून बनवलेली बिननंबरची ट्रॉली जोडून अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात नकार द्यायला कारण आयतंच मिळतं. मागून येणारा मोटारसायकलवाला कुणाचा तरी मुलगा असतो. त्याचा जीव आपल्या हातात अमानत आहे.

नोंदणी, ब्रेक, कंपनीची परवानगी, यातलं एकही जमत नसेल तर उत्तर २००५ पासून आपल्या रस्त्यांवर आहे : छोटा हत्ती. वर्षातले पंधरा दिवस तो भाड्याने बोलवा. भाडं दोन हजार धरलं तरी वर्षाचे तीस हजार होतात, आणि तो पैसा आपल्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या ड्रायव्हरच्या घरी जातो. आपली गाडी मग मनासारखी निवडता येते, हलकी, परवडणारी, रोजच्या कामाची. शेजाऱ्याने डिझेल घेतली, हे ती घ्यायचं कारण होऊ शकत नाही. खरेदीच्या आधी एका महिन्याच्या फेऱ्या वहीत लिहून काढा, किती किलोमीटर आणि किती किलो. कोणतं इंजिन घ्यायचं ते ती वहीच सांगेल.