कोर्टाची पायरी न चढणारे वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण ही पायरी क्वचितच चढणारे वकीलही असतात, हे तुम्हाला माहितीये? एखादी कंपनी दुसरीला विकत घेते किंवा आयपीओ आणते, तेव्हा रात्र रात्र जागून करारातलं कलम न् कलम तपासणारे हे कॉर्पोरेट वकील!

त्यांच्या फर्म्सची नावं तुम्ही ऐकली नसतील, तर नवल नाही. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलांना जाहिरात करता येत नाही. १९११ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली खेतान, झिया मोदी यांची एझेडबी ही त्यातली बडी नावं. १९१७ पासूनच्या अमरचंद मंगलदासची २०१५ मध्ये दोन भावांत वाटणी झाली. मुंबईच्या सिरिल श्रॉफ यांची एक फर्म, दिल्लीच्या शार्दुल श्रॉफ यांची दुसरी.

आता या क्षेत्रात नवे भिडू येऊ शकतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये परदेशी फर्म्ससाठी दार किलकिलं केलं आणि २०२५ मध्ये नियम सुधारले. त्यांना परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देता येईल, पण आपल्या कोर्टात उभं राहता येणार नाही. म्हणजे स्पर्धा वाढेल ती मुख्यतः हुशार पोरापोरींसाठी.

पण कुठल्या पोरापोरींसाठी? बड्या फर्म्सची कॅम्पस भरती प्रामुख्याने नामवंत राष्ट्रीय विधी विद्यापीठांत होते. तिथे नेणारी ‘क्लॅट’ फक्त इंग्रजीत. म्हणजे मराठी माध्यमातून शिकलेल्यांची गाळणी बारावीनंतरच लागते.

तरी वाट बंद नाही. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते. तिच्यातून मुंबईचं १८५५ चं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं १९२४ चं आयएलएस गाठता येतं. पुढे कॅम्पसइतकीच मोलाची ठरते इंटर्नशिप. तिथलं काम आवडलं, तर नोकरीचं दार तिथूनच उघडतं. म्हणून शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. इंग्रजीत करार वाचायची सवय लावा, ताळेबंद समजून घ्या, लवकर अर्ज करा.

आणि फर्म्सनाही एक विचारायला हवं. लंडन-न्यूयॉर्कच्या वकिलांना यायला वाट झाली. लातूर-जळगावच्या लॉ कॉलेजांत भरतीला तुम्ही कधी येणार?