सत्तेची शिल्लक आणि सही

राजकारणात तत्त्व वगैरे काही नसते, असते ती फक्त ताकद, असे म्हणण्याची हल्ली आपल्यातही फॅशन झाली आहे. आम्हांस हे अर्धसत्य वाटते. ताकद हेच सर्व काही असेल, तर ताकदवानांना दुसऱ्याच्या नावाची गरज का भासावी?

आम्हां ग्वाल्हेरकरांना महादजी शिंद्यांचे उदाहरण घरचेच आहे. उत्तरेत फौज त्यांची, दरारा त्यांचा. दिल्लीचा बादशहा शाह आलम नावापुरता उरलेला. तरीही १७८४ साली महादजींनी त्याच्याकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळवले आणि स्वतः नायब म्हणून कारभार हाती घेतला. तलवारीने मुलूख जिंकता येतो. पण वसुलीसाठी रोज तलवार उपसणे कोणालाच परवडत नाही. हुकूम लोकांनी आपणहून मानावा लागतो.

इंग्रजांनीही हेच केले. १७६५ साली बंगालची दिवाणी बादशहाकडूनच घेतली आणि वर्षाला २६ लाख रुपये देण्याचे कबूल केले. बादशहा मराठ्यांच्या आश्रयाने दिल्लीस गेल्यावर ती रक्कम थांबवली. कंपनीच्या रुपयांवर त्याचे नाव मात्र १८३५ पर्यंत राहिले.

पण उसने नाव फुकट मिळत नाही. १७८८ साली गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पुन्हा गादीवर बसवणे आणि कादिरला शासन करणे महादजींना भाग पडले. कंपनीने सोयीसाठी राखलेल्या बादशाहीच्या नावाभोवती तर १८५७ साली कंपनीचेच शिपाई गोळा झाले.

बँकेत बसणाऱ्याला हे लवकर उमगते. खात्यात शिल्लक हवी आणि चेकवर सही हवी. यातले एक नसले तरी चेक परत जातो. ताकद ही शिल्लक, विचारसरणी ही सही. आणि सही करणारा त्या रकमेला बांधला जातो.

म्हणून भाषा, धर्म, समता किंवा विकास यांच्या नावाने कोणी मत मागायला आले, तर ‘सगळे ढोंग’ म्हणून हात झटकणे हा शहाणपणा नव्हे. ते वचन म्हणजे पुढच्या तारखेचा, सही केलेला चेक आहे. सभासदांनी तो जपून ठेवावा, तारीख आली की खिडकीवर सादर करावा, आणि परत आला तर कारण विचारल्याशिवाय खिडकी सोडू नये.