नेटवरचं बिऱ्हाड

भाड्याच्या घराच्या भिंती कितीही रंगवा, घरमालक नोटीस कधी देईल सांगता येत नाही. ऑर्कुटवरचं प्रोफाइल आपण काय सजवायचो! २०१४ मध्ये शटर डाऊन. म्हणून सध्या माझा फंडा सोप्पा आहे: स्टॅटिक साइट. जेकिल (२००८) किंवा ह्यूगो (२०१३) घ्या, साध्या मार्कडाउन फाइलमध्ये लिहा, एक कमांड मारा. एचटीएमएलची पानं तय्यार! डेटाबेसच नाही, त्यामुळे पान झटकन उघडतं आणि हॅकिंगची धास्तीही कमी. गिटहब पेजेसवर ती फुकटात टाकता येतात. उद्या तेही बंद पडलं तर? मूळ फाइल्स माझ्याच लॅपटॉपवर! बोचकं उचलायचं, दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड थाटायचं. पत्ता तोच राहायला हवा ना? मग डोमेनचं भाडं तेवढं वेळेवर भरा, बॉस!