आधी पोच, मग उलटतपासणी

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, धारणी. शाखा कुठलीही घ्या, हा ग्राहक सगळीकडे येतो. पासबुकात एन्ट्री मारून घेतो, बाजूला उभा राहून आकडे वाचतो आणि परत काउंटरशी येतो. ‘‘माह्या खात्यातले पैसे कोनं काढले जी?’’ त्यावर आपले प्रश्न ठरलेले असतात. ओटीपी कोणाला दिला? लिंक उघडली का? मोबाइल कोणाच्या हातात असतो? शेवटी ‘पोलिसात जा’. अर्ध्या तासात त्याची उलटतपासणी पूर्ण होते, तक्रार मात्र कुठेच नोंदलेली नसते. तो दुसऱ्यांदा येतो तेव्हा आठवडा उलटलेला असतो आणि आपण त्याला सांगतो की मुदत संपली.

या अंकात शाखांतल्या सहकाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की हा क्रम उलटा आहे. आधी अर्ज घ्या, त्यावर तारीख आणि वेळ घाला, इनवर्ड नंबर टाका, पोच हातात द्या. प्रश्न मग विचारा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे नियमाने बँकेवर टाकले आहे, त्याच्यावर नाही.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आपल्या फायलींत आहे. सहकारी बँकांसाठी तेच १४ डिसेंबर २०१७ ला निघाले. त्यातले ‘तीन दिवस’ सगळ्यांना पाठ आहेत, बाकीचा मजकूर फारसा कोणी वाचत नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेतली आहे आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याने एक रुपयाही सोसायचा नाही. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवले तर दर व्यवहारामागे साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये. त्यापुढे संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते. पण हे दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजायचे नसतात. बँकेचा संदेश ग्राहकाला मिळाला तिथून, तो दिवस सोडून, ते मोजायचे असतात.

आपल्या भागात सगळा घोळ इथेच आहे. खात्याला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा असतो, नाहीतर रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला. कापसाचा चुकारा जमा होतो, पीकविम्याचे पैसे येतात, मधेच कोणीतरी ते काढून नेतो आणि खातेदाराला ते कळते पासबुक छापल्यावर. मग संदेश ‘मिळाला’ कधी? संदेश पोहोचल्याची तारीख आणि वेळ बँकेच्या यंत्रणेत नोंदलेली असलीच पाहिजे, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. ‘तुम्ही उशिरा आलात’ म्हणण्यापूर्वी ती नोंद मागवा. नंबर ग्राहकानेच चुकीचा दिला असेल तर त्याची बाजू पडते. त्याने बदलासाठी दिलेला अर्ज शाखेतच पडून राहिला असेल तर पडते ती आपली. मार्चएंडच्या गर्दीत असे अर्ज कुठल्या ड्रॉवरमध्ये जातात हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

याच नियमाचा एक भाग मेळघाटासाठी सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. फसवणुकीत बँकेचा हात, हलगर्जी किंवा सेवेतली त्रुटी असेल, तर ग्राहकाने कळवले की नाही हेसुद्धा पाहायचे नाही. सगळे नुकसान बँकेचे. आता चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यातली मिनी बँक डोळ्यांपुढे आणा. मजुरीचे पैसे काढायला आलेली कोरकू बाई मशीनवर अंगठा ठेवते. ‘उमटला नाही, पुन्हा ठेव.’ ती पुन्हा ठेवते. पैसे हातात एकदा पडतात, खात्यातून दोनदा जातात आणि पावती निघत नाही. दोन महिन्यांनी ती शाखेत आली की तिला सात दिवसांचा नियम ऐकवला जातो. तो इथे लागूच नाही. मिनी बँक चालवणारा हा बँकेचा प्रतिनिधी आहे, त्याच्या कृत्यांची जबाबदारी बँकेची, हे रिझर्व्ह बँकेने २००६ पासून सांगितले आहे. आणि ओटीपीचा तर इथे प्रश्नच येत नाही, कारण व्यवहार झाला तो आधार आणि अंगठ्यावर.

अशा तक्रारीत त्या दिवसाचा मशीनचा लॉग काढा. एकाच खात्यातून काही मिनिटांच्या अंतराने त्याच रकमेची दोनदा उचल दिसते का ते पाहा, आणि त्याच मशीनवरचे इतर खातेदारही तपासा. एक जोडी निघाली तर नजरचूक म्हणता येईल. आणखी आठ-दहा निघाल्या तर त्या माणसाचा धंदा कळला.

ग्राहकाने कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत शॅडो क्रेडिट, म्हणजे गेलेली रक्कम तात्पुरती खात्यात जमा, द्यायचे असते, विम्याच्या दाव्याची वाट न पाहता, मूळ व्यवहाराच्या तारखेने. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा. तो लागला नाही तर नियमात ठरलेली भरपाई द्यायची. शाखा व्यवस्थापक इथे कचरतात ते ऑडिटच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. पण अनेक बँका निकालापर्यंत त्या रकमेवर होल्ड ठेवतात. ‘हेड ऑफिसला पाठवले आहे’ या तोंडी उत्तराला मात्र ऑडिटमध्येही काही किंमत नाही.

ग्राहकाची चूक सापडली की आपण सुटलो, हाही भ्रमच. पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीने फसव्या ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या तिच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा अधिकारी असलेले राज्याचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये कंपनीची चूक मान्य केली आणि तरीही बँकेला ४५ लाख द्यायला लावले, कारण पैसे ज्या खात्यांत उतरले ती उघडताना नीट तपासणी झालेली नव्हती. आपल्या शहरांत कमिशनवर खाते ‘भाड्याने’ देणारी पोरे ज्या काउंटरवर खाती उघडतात, तिथल्या सहकाऱ्यांनी हा निवाडा जरूर वाचावा. पुढे जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाच्याच आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार परत करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेवरची ९४,२०४ रुपयांची जबाबदारी कायम ठेवली. तो ग्राहक चोवीस तासांत बँकेत पोहोचला होता.

एटीएममधून नोट निघाली नाही आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये, तेही तक्रारीची वाट न पाहता. सप्टेंबर २०१९ चा हा नियम आहे. आपल्या शाखेत असे शंभर रुपये आपणहून जमा झालेले कोणी पाहिले असतील तर कळवावे, आनंदाने छापू.

तीस दिवसांत समाधान झाले नाही तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेचा मार्ग आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्या योजनेत आल्या, म्हणजे अमरावती आणि अकोला जिल्हा बँकेच्या शाखाही. ग्राहक आयोग दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला तिथे फी नाही.

राहिला १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक. ग्राहक काउंटरवर असतानाच त्याच्याकडून हा फोन लावून घ्यावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थांबले तरच काही हाती लागते. थांबलेली रक्कम मूळ खातेदाराला मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी त्याला शाखेकडून व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि पैसे गेलेल्या बँकेचे नाव असलेले सही-शिक्क्याचे पत्र लागते. ते मागायला माणूस धारणीहून येतो, त्याला ‘उद्या या’ म्हणू नये. पत्राचा नमुना करून शाखेच्या संगणकात ठेवला तर ते दहा मिनिटांत निघते.